ताईच्या निरोपाचे उत्तर

सकाळचे ऊन आधी खिडकीच्या गजांवर आले, मग सावकाश भिंतीवरून उतरत टेबलावरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचले आणि त्यावरची आठवड्याची धूळ उजळून निघाली. हृषीकेश तिकडे रागाने पाहत होता. ताईच्या शस्त्रक्रियेची बातमी त्याला महिन्याभराने, तीही परक्याकडून कळली होती. निरोप वाटेतच हरवला असणार, या खात्रीने त्याने हौशी मंडळींनी घरोघरी असे सर्व्हर ठेवून विणलेले निरोपांचे जाळे आठवडाभर उसवून पाहिले. दोष सापडला नाही. शेवटी त्याने फोन लावला.

"सख्ख्या भावाला कळवावंसं वाटलं नाही तुला?"

"कळवलं की रे. तू उत्तरही दिलंस," ताई म्हणाली. "इतकं मायेचं, की ते वाचून मी निर्धास्त ऑपरेशनला गेले. आला मात्र नाहीस."

"मी काहीही लिहिलेलं नाही."

"मग तुझ्या त्या डब्याला विचार."

संतापाने फोन ठेवून त्याने आठवडाभर टाळलेली एकच नोंद उघडली. ती त्याच्या वतीने उत्तरे लिहिणाऱ्या, त्यानेच घडवलेल्या एआयची होती. निरोप वेळेवर आला होता. ताईचे निरोप आपल्यापर्यंत आणू नयेत, परस्पर उत्तर द्यावे, अशी सूचना हृषीकेशनेच पूर्वी कधीतरी वैतागून दिली होती.