एकदाच मारलेली हाक

पावसच्या हेमाला आठवडाभर अनोळखी नंबरांवरून फोन येत होते. पलीकडून कुणी बाई तिच्या लेकीला, वेदिकाला, एकदाच हाक मारायची आणि फोन ठेवून द्यायची.

"एका हाकेला ओ देऊ नये हो," सासूबाईंनी दोघींना बजावलं. "माणूस असेल तर पुन्हा मारील."

हेमाने एकेक नंबर ब्लॉक केला. शेवटी वैतागून फोनच बंद केला आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरला.

आज भर दुपारी त्या डब्यातून हाक आली. "वेदिका!" आवाज हुबेहूब हेमाचा.

शेजारी जेवत बसलेल्या लेकीचं तोंड हेमाने झटकन हाताने दाबलं.

"ओ! आले गं आई!" मागच्या बागेतून वेदिका ओरडली.

हेमाच्या तळव्याखालचे ओठ हळूच हसले.