चाळीस मिनिटं

तुम्ही माझ्या नवऱ्याला अर्ध्या तासानं मारलंत.

पत्र सुखदाच्या नावानं सरकारी खात्याला जाणार होतं, शब्द तिच्या नणंदेचे, मंजिरीचे. पहिलं वाक्य तिनं मराठीतच लिहिलं. इंग्रजीत लिहायला बसलं की आपोआप 'प्लीज' येतं, आणि आज तिला प्लीज म्हणायचं नव्हतं.

"'मारलंत' काय लिहिता, ताई?" लसूण सोलता सोलता सुखदा म्हणाली. "पुढचं वाचणारच नाहीत ते."

"वाचतील. नाही वाचलं तर परत पाठवू. तू नीट सांग, काय झालं."

यतिन गेल्यावर उत्तरेतलं घर बंद करून सुखदा कॅनबेरात, गुंगालिनला मंजिरीकडे आली होती. तिनं पुन्हा सगळं सांगितलं. नॉर्दर्न टेरिटरीतलं ते एवढंसं गाव, यतिन तिथल्या शाळेत गणित शिकवायचा. भर दुपारी छातीत कळ आली. धावपट्टीवर खाणीचं विमान उभं होतं. पायलट म्हणाला, चला, पाऊण तासात हॉस्पिटलच्या गावी सोडतो. नर्सनं कॉम्प्युटरवर सरकारी तक्ता बघितला. क्वीन्सलंडच्या टोकावरून ॲम्ब्युलन्सचं विमान, चाळीस मिनिटं. त्यात डॉक्टर असतो, मग पेशंटला हलवायचं कशाला? खाणीचं विमान गेलं. ॲम्ब्युलन्सचं आलं सत्तर मिनिटांनी. यतिन साठाव्या मिनिटाला गेला होता.

"चारशे सत्तर किलोमीटर," मंजिरी म्हणाली. "त्या पंख्याच्या विमानाला चाळीस मिनिटं? कुठल्या गाढवानं भरलं हे?"

"कसं भरलं ते कळलंय मला. तिकडून दोनला सुटतं, इकडे दोन-चाळीसला उतरतं. केली वजाबाकी. दोन्हीकडची घड्याळं अर्ध्या तासानं वेगळी आहेत, ते कोण बघतो? इथला माणूस नाही चुकायचा. आपल्याकडचाच असेल कुणीतरी. आपल्याला अख्ख्या देशात एकच घड्याळ."

"आपल्याकडचा असेल तर त्याच्या घरीच जाईन."

"तो चहा करील तुम्हाला."

"पिईन. पिऊन विचारीन, घास कसा उतरतो रे तुझा?"

सुखदा बऱ्याच दिवसांनी हसली.

सरकारी खातं आतून कसं चालतं हे मंजिरीला कुणी शिकवायला नको होतं. आठ वर्षं ती कॅनबेरात कॉन्ट्रॅक्टवर हेच करत होती. सहा महिने शाळांचे पट, सहा महिने लसींचे साठे, मग आणखी कुठलं खातं. फाइल दिली की भरायची, भरली की पुढची. पण निनावी फाइल तिनं कधी बघितली नव्हती. म्हणून पत्राच्या शेवटी तिनं ठणकावलं: दिलगिरी नको. तक्ता भरणाऱ्याचं नाव द्या.

अठराव्या दिवशी सुखदाच्या मेलवर उत्तर आलं.

"मला नाही बघवत, तुम्हीच वाचा," म्हणत तिनं लॅपटॉप नणंदेपुढे सरकवला.

पहिलं पान दिलगिरीचं. मंजिरीनं ते शिवी हासडून उलटलं. दुसऱ्या पानावर तक्त्याची ती ओळ. विमानतळांची नावंसुद्धा नव्हती, नुसते चार अक्षरी कोड, सुटण्याची वेळ, उतरण्याची वेळ, आणि चाळीस. खाली तारीख, पाच वर्षांपूर्वीची. तारखेपुढे नोंद करणाऱ्याचं नाव.

मंजिरी केळशीकर, कॉन्ट्रॅक्टर.

"नाव दिलंय ना, ताई?" सुखदा म्हणाली. "मग वाचा की. कोण आहे?"