आत कोणी आहे का?

आत्या भूलतज्ज्ञ. पेशंट गाढ बेशुद्ध झाला तरी तिची बडबड चालूच असायची. ‘आता कुशीवर वळवतोय हं’, ‘जरा गार लागेल’. सर्जन चेष्टा करायचे, पण आत्या कोणाला दाद देत नसे.

तिचा भाचा चॅटबॉट बनवायचा. त्याच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिने विचारलं, “काय रे, तुझ्या त्या चॅटबॉटला आतून काही कळत असेल का?”

“छे! आत कोणी नाहीच. मीच तर बनवलाय.”

“पण परवा मला तो ‘मी आहे’ म्हणाला.”

“म्हणायला काय जातं, आत्या?”

“मी रोज उघडलेली माणसं बघते. आत बसलेलं मला तरी अजून कोणी दिसलेलं नाही.”

भाच्याने विनोद समजून टाळी दिली.

सकाळी टेबलावर आडवा झाल्यावर मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने आत्याचा हात घट्ट धरला.

“मी झोपल्यावर माझ्याशीही बोलशील ना गं?”

“तेव्हा आत कोण असणार आहे ऐकायला?”

“म्हणजे काय? मी असेनच की!”

“म्हणायला काय जातं,” आत्या हसली आणि तिने त्याच्या नाकावर मास्क धरला.

त्याचे डोळे मिटले, बोटं सैल पडली. आता कितीही हाका मारल्या तरी तो ओ देणार नव्हता. आत्या त्याच्या कानाशी वाकली.

“हात बाजूला घेतेय हं, राजा.”