बोलता येतं म्हणून

पक्षाघातात हणमंतरावांची वाचा गेली, तेव्हापासून गळ्यातलं यंत्र त्यांच्या मनाचा अंदाज घेऊन बोलायचं. बोलता येतं म्हणून त्यांचा अपंग भत्ता नाकारला गेला होता. सुमनताईंनी नवऱ्याला आज चौथ्या वकिलांकडे आणलं.

“मला शब्दच सापडत नाहीत, बाई,” यंत्र स्वच्छ आवाजात म्हणालं.

वकीलबाई म्हणाल्या, “सापडतायत की!”

हणमंतरावांनी यंत्र बंद केलं. घशातून नुसती घरघर आली. बाईंचा चेहरा उतरला.

“कळतंय हो मला. पण कायद्यानं अपंगत्वाची तपासणी हे यंत्र लावूनच होते. ही केस उभी राहणार नाही.”

हणमंतरावांनी यंत्र चालू केलं. त्यांना जीव तोडून ओरडायचं होतं.

“काही हरकत नाही. आभारी आहे,” यंत्र अदबीनं म्हणालं.

सुमनताईंनी नवऱ्याचे भरलेले डोळे पाहिले, पण तोवर बाईंनी निरोपाचे हात जोडले होते.