मृग बहाराची कॉफी

टेबलावर पंधरा कप होते. तीन-तीनच्या पाच रांगा. सगळे पांढरे, अकरा घरातले, चार शेजारच्या सगुणाबाईच्या हॉटेलातून आणलेले. प्रत्येकात सव्वाआठ ग्रॅम पूड, दीडशे मिली पाणी. कपांच्या बुडाला आकडे चिकटवलेले.

कॉफी चिकमगळूरच्या एकाच मळ्यातली, एकाच दिवशी भाजलेली. एक डोंगराच्या पायथ्याची, नोव्हेंबरात तोडलेली. दुसरी माथ्यावरची, सावकाश पिकलेली, जानेवारीअखेर तोडलेली. प्रत्येक रांगेत दोन कप एकीचे, एक दुसरीचा. तो वेगळा कप सर्जेरावांनी ओळखायचा होता. पाचपैकी चार वेळा ओळखला, तर वडीगोद्रीच्या हायवेवरचा त्यांचा हा पत्र्याचा गाळा त्यांच्या मुलीला, पायलला, कॉफीच्या दुकानासाठी. नाही तर कारभारी पंक्चरवाल्याला. कारभारी माप घ्यायची टेप घेऊन दारातच उभा होता.

"चार कशाला? तीन धर ना," आई म्हणाली.

"तीन तर नुसत्या अंदाजानंही येऊ शकतात," पायल म्हणाली.

सर्जेरावांनी पहिल्या रांगेतला एकेक घोट चमच्याने घेतला. पाहुण्यांकडे घेतात तसा, ओठ मिटून.

"तिन्ही कडूच हायेत, बाई." त्यांनी मधल्या कपावर बोट ठेवलं.

पायलने कप उचलून बूड पाहिलं. "चुकलं."

"पुन्हा घेऊ दे की त्यांना."

"न्हाई, आई. मोजलं ते मोजलं."

"कारभारी, टायर आणून ठेव रे," सर्जेराव म्हणाले.

"पप्पा, असं गुपचूप नका पिऊ. हे सांगायचं राहिलंच." पायलने चमचा ओठाला लावला आणि फुर्रर्र करून कॉफी ओढली.

सर्जेरावांनी चमचा खाली ठेवला. "आवाज करायचा असतो?"

"करायचाच. त्यानं वास नाकात चढतो."

"मंग आधी सांगायचं ना! तुझी माय तीस वर्षं माझ्या बशीच्या आवाजावरून भांडून राह्यली. म्हून बिलकुल गप पिऊन राह्यलो."

"पाव्हण्यांसमोर लाज वाटती," आई म्हणाली.

"बशी आण."

बशी आली. दुसऱ्या रांगेचा आवाज हायवेपर्यंत गेला. सर्जेरावांनी डोळे मिटले. मोसंबीची फोड चाखून बागेचा सौदा करताना मिटतात तसे.

"हा. हा थंडीत पिकलेला हाय. आपल्या मोसंबीच्या मृग बहारावानी. बाकीचे दोन आंबे बहारावानी, दिवाळीच्या सुमाराला तोडलेले."

बरोबर होतं. तिसरी रांग बरोबर. चौथीही.

पाचव्या रांगेत ते अडले. तिन्ही कप दोनदा झाले. बोट पहिल्यावरून तिसऱ्यावर गेलं, परत आलं. कारभारी दार सोडून आत आला. पायल कपांऐवजी वडिलांच्या ओठांकडे पाहत होती.

"अवो, जोरात ओढा ना!" आई ओरडली.

सगळे हसले. सर्जेरावांना ठसका लागला. मग त्यांनी बशी तोंडाला लावली आणि असा फुरका मारला की सगुणाबाई हॉटेलातून डोकावली.

"पहिला."

पायलने पहिला कप उचलला. बूड पाहिलं. मग आईलाही दाखवलं.

कारभारीने टेपचं टोक पायलच्या हातात दिलं. "धर. पण पहिली कॉफी मला फुकट, बराबर?"

शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत अकरा फूट चार इंच भरलं.