पहिला घाव

ज्ञानेश्वरनं पहार उचलली आणि मरीमायच्या देवळासमोर जमलेली सगळी पेठ दोन पावलं मागे सरकली. फक्त त्याची आई, पंचफुलाबाई, जागच्या हलल्या नाहीत. भीतीनं त्यांचे पाय जमिनीला खिळले होते. पण पेठेला वाटत होती ती भीती वेगळी आणि त्यांची वेगळी.

मेहकरच्या जुन्या पेठेतलं हे देऊळ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. सागाचे चार खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर पांढऱ्या मातीचं सपाट छत, म्हणजे धाबं. शिखर नाही की कळस नाही. पण भर उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की जीव गार व्हायचा. पेठेत आलेली प्रत्येक नवरी पहिल्या दिवशी या खांबांना तेलाचा हात लावायची. त्या तेलानं खांब काळे तुकतुकीत झाले होते आणि वाळवीनं कधी त्यांना तोंड लावलं नव्हतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की धाब्यावर नवी माती चढायची. पूर्वी घरटी एक टोपलं यायचं. आता पंचफुलाबाई एकट्याच चढवत आणि गुडघ्यांना शिव्या देत खाली उतरत.

उकंडरावांच्या डोळ्यांत मात्र हे धाबं खुपत होतं. खताच्या दुकानाचे मालक, वर देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांना स्लॅब हवा होता, टाईल्स हव्या होत्या, दारात सिमेंटचे दोन सिंह हवे होते. त्यासाठी जुनं देऊळ पाडायला मशीन आणावं, तर बोळ इतका चिंचोळा की ते आत येईना. आणि गवंडी यायचे ते पहार न टेकवताच परत जायचे. कारण पेठेत लहानथोरांना ठाऊक होतं, की जुन्या काळी एका गवंड्यानं या खांबावर पहिला घाव घातला आणि दिवस मावळायच्या आत तो रक्त ओकून मेला. सुलतानपूरचा गवंडी तर एवढं ऐकून चहाही न पिता एसटीत जाऊन बसला.

ही हकिकत सांगायच्या पंचफुलाबाई. हनुवटीवरून रक्त कसं ओघळलं, त्याचा रंग कसा होता, सगळं सांगायच्या.

आणि असा गवंडी कधी झालाच नव्हता. मरायच्या आधी त्यांच्या सासूनं, अन्नपूर्णाबाईंनी, कानाशी तोंड नेऊन सांगितलं होतं, "तवा देऊळ पाडाले निंघाले होते वो, म्हून म्याच रचली ती गोष्ट. आता तू सांभाळ." वीस वर्षं त्यांनी ती सांभाळली. आणि काल त्यांचाच मुलगा, सेंट्रिंगची कामं करणारा, कमिटीच्या बैठकीत उठून म्हणाला, "कोनी येत नसन तं पहिला घाव मी घालतो."

एक घाव पुरे होता. संध्याकाळी ज्ञानेश्वर जेवणार, झोपणार, सकाळी उठून दात घासणार. सगळी पेठ ते बघणार, आणि आठवड्याभरात खांब जळणासाठी विकले जाणार.

"पंचफुले, अवं पोराले आडव ना!" म्हाताऱ्या सिंधूताईंनी त्यांना ढोसलं. "तुह्यावानी दगडाच्या काळजाची माय नाही पाह्यली."

तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. गोष्ट खरी असती तर कोणती आई अशी गुमान उभी राहिली असती? उकंडरावही त्यांच्याकडेच बघत होते.

"पाहा! सांगनारीलेच भेव नाही," ते हसून म्हणाले, "अन् तुमी काऊन भेऊन राह्यले बे?"

आता ओरडायलाच हवं होतं. पहार वर गेली की किंकाळी फोडायची आणि आडवं पडायचं, असं त्यांनी मनात पक्कं केलं. सोंग तर सोंग.

पहार वर गेली. पंचफुलाबाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांना लेकाच्या हनुवटीवर रक्त दिसलं. वीस वर्षं सांगितलं होतं तसंच, त्याच रंगाचं. मग काय ठरवलं होतं ते त्या साफ विसरल्या. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांचा त्यांनाही ओळखू आला नाही. धावत जाऊन त्यांनी खांबाला मिठी मारली आणि तशाच खाली बसल्या. पहार ज्ञानेश्वरच्या हातातून सुटली आणि खणखणत फरशीवर पडली.

पेठ पळाली. सगळ्यांत पुढे उकंडराव होते, त्यांची एक चप्पल देवळासमोरच राहिली.

"आई, उठ. गेले समदे." ज्ञानेश्वर त्यांच्याजवळ बसला. "मले ठाऊक हाये, गवंडी नव्हताच. आजीनं मलेबी सांगतलं होतं. कमिटी भायेरच्या राज्यातून मजूर आननार होती. त्यायले ना मराठी येत, ना ही गोष्ट ठाऊक. त्यायनं घाव घातला असता अन् काहीच झालं नसतं. म्हून पहार म्याच मांगून घेतली. म्हटलं, तू वरडशीन अन् मी टाकून देईन."

पंचफुलाबाईंनी त्याची हनुवटी पाहिली. कोरडी होती. तरी त्यांनी ती पदरानं पुसली.

"मंग आता काऊन थरथर कापून राह्यली?" त्यानं विचारलं.

"अन् तू रे?" त्या म्हणाल्या.

पहार खांबाशी पडली होती. ती उचलायला दोघांपैकी कोणीच पुढे झालं नाही.