एक डाव बाहेर

“अहो, आता निहारला कोण धडकणार?” वृंदाने विचारलं.

अमेरिकेतल्या निहारच्या कॉलेजच्या स्टेडियममध्ये श्रीरंग तिला हौसेनं अमेरिकन फुटबॉल समजावत होता. कोण कुठे उभा राहतो, चेंडू कुणाकडे जातो, चेंडूवाला आडवा झाला की शिट्टी वाजून एक डाव कसा संपतो. तिचा प्रश्न मात्र दर वेळी तोच. मागच्या मोसमात त्यांच्या या एकुलत्या एका मुलाच्या डोक्याला मार बसला होता आणि कित्येक दिवस त्याला उजेडही सहन होत नव्हता.

“आता समोरचे चेंडू लाथेनं उंच मारतील, निहार झेलेल. त्याने आधी हात वर केला, तर कुणी त्याच्या अंगावर यायचं नाही. नियमच आहे. फक्त मग चेंडू घेऊन पळता येत नाही.”

चेंडू वर गेला. निहार मान वर करून उभा होता आणि समोरून धिप्पाड पोरं धावत येत होती.

“हात वर कर रे,” वृंदा पुटपुटली.

त्याने केला नाही. चेंडू झेलून तो पळाला आणि दोघांनी त्याला आडवा केला. तो उठेना. वृंदाने श्रीरंगचं मनगट धरलं, तर तो आधीच उठून उभा राहिला होता.

शेवटी आपल्या संघातल्या दोघांच्या खांद्यांवर हात टाकून निहार बाहेर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“आता बाहेरच बसेल ना तो?”

“एक डाव तरी बसावंच लागतं.”

“म्हणजे किती वेळ?”

“दहा सेकंद,” श्रीरंग हळूच म्हणाला.

खाली निहार पुन्हा हेल्मेट चढवत होता.